पाद्रीबाबाच्या कबरीपायी गेलेले माझे गुरुवार

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या प्लॅन्टवर होतो. सुट्टी आठवड्याला एकच, गुरुवारची. तीही एका म्हातारीनं खाल्ली, सलग तीन आठवडे.

ती मिशनच्या दवाखान्यातली जुनी सिस्टर. पटकीत आईबाप गेल्यावर तिला एका पाद्रीबाबानं वाढवलं. बाबा पायी हिंडून गोरगरिबांना औषधं द्यायचा, लोक त्याला संतच मानायचे. एकदा इंदापूरकडं निघाला, तो वाटेतच तापानं गेला. कुणी पुरला, कुठं पुरला, पत्ता नाही. डोळे मिटायच्या आधी त्या कबरीवर डोकं टेकायचं, एवढंच म्हातारीचं मागणं. माझा जन्म तिच्याच हातचा, म्हणून वडलांनी, म्हणजे आबांनी, मला जुंपलं.

"गाडी हाय न्हवं तुझ्याकडं? फिरव की!" आबा म्हणाले.

गाडी माझी, पेट्रोल माझं, पुण्य मात्र आबांचं!

पहिल्या गुरुवारी इंदापूरच्या वाटेवर एका ओसाड उंचवट्यावर ती गुडघे टेकून अर्धा तास प्रार्थना करत बसली. मळेकरी धावत आला. "बाई, तितं आमची म्हैस पुरलीया!"

"असू दे, तिलाही लागत असेल प्रार्थना," म्हणत ती उठली.

तिसऱ्या गुरुवारी ती पार थकली, म्हणून चहापाण्याला त्याच वाटेवर कळसला आमच्या वस्तीवर आणली. नेमकं त्या दिवशी बांधावरच्या म्हसोबाला बोकड होतं. आई निवद घेऊन निघाली. मटण, भाकरी आणि कपभर कोरा चहा.

"देवाला कोरा चहा?" सिस्टरनं विचारलं.

"ह्यो देव दुधाचा चहा घेत न्हाय. बापानं सांगून ठेवलंय," आबा म्हणाले.

सिस्टर काठी टेकत आईच्या मागं निघाली. "आमचा बाबा कोराच प्यायचा. दूध पोरांना ठेवायचा."

आबा आडवे आले. "शेंदूर खरवडायचा न्हाय हां!"

पण शेंदूर पुढूनच असतो, देवाच्या पाठीला कोण लावतो? तिनं दगडामागं हात घातला, चाचपला, मग माझाही हात ओढून तिथं टेकवला. एक उभी रेघ, एक आडवी. क्रूस.

आबांनीही मागं हात घालून बघितलं. त्यांचा बाप मेंढपाळ. त्यानंच तापातल्या बाबाला शेवटचा कोरा चहा पाजला असणार, मेंढरं घेऊन पुढं जायच्या घाईत पुरलं असणार, गळ्यातली खूण बघून दगडावर ओरखडली असणार. पुढं आम्ही त्याचा म्हसोबा केला.

"सिस्टरबाई, नेणार का वं त्यास्नी?" आबांनी विचारलं. आमच्या घरातली सगळी दुखणी त्या दगडापुढंच निस्तरली होती.

ती कुठली ऐकते! दगडापुढं फतकल मारून बसली आणि देवाला करतात तसं अरेतुरे करत त्यालाच झापायला लागली.

"शुक्रवार उपासाचा म्हणून मला मटणाचा वासही घेऊ दिला नाहीस. आणि इथं वर्षाला बोकड खातोस होय रे, बाबा?"

मला फिस्सकन हसू फुटलं. तीही हसली. हसता हसता तिनं दगडाला मिठी मारली, गाल शेंदरानं माखला, आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

"आणि मी आपली जन्मभर झुरतेय, की तुला कुणीच नाही."