टोपी काढायला लावणारा रस्ता

“टोपी काढा, आजोबा. आधारवरचा फोटो बोडका आहे. जुळायला नको?”

टोलनाक्याचा मॅनेजर हे बोलला तेव्हा आण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या टेम्पोत शेजारी बसले होते. मांडीवर मेथीच्या बियाण्याची पिशवी. मागे गाड्यांची रांग. मॅनेजर माझ्याहून लहान, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. आण्णांनी टोपी काढली. मला मध्ये बोलायलाही वेळ दिला नाही. कपाळ वर पांढरंफटक, खाली उन्हाने रापलेलं. आमच्याकडे घरात मयत झालं की पुरुषमाणूस असा बोडका बसतो. मॅनेजरने आधारकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं आणि बूथमधल्या माणसाला म्हणाला, “लोकलच आहे. सोड.”

सोड. दाव्याची गाठ काढून जनावर सोडतात, तसं.

आम्ही जात कुठे होतो? आमच्याच शेतात. हिंजवडीच्या कंपन्यांकडे जाणारा हा रस्ता आमच्या रानातून गेला. घर अलीकडे राहिलं, उरलेलं रान पलीकडे. पूर्वी बांधावरून चालत जायचो, आता मध्ये भिंत आहे. वळायचा पूल नाक्याच्या पुढे. सर्व्हिस रोड होणार, होणार म्हणतात, तो अजून व्हायचाच आहे. म्हणजे भाजीला पाणी द्यायला जायचं तरी एका खासगी कंपनीच्या दारातून जायचं.

रस्ता वाईट नाही. खोटं कशाला बोलू? भाजी घेऊन स्वारगेटच्या बाजूला जाताना माझाही वेळ वाचतो. फक्त वाचलेला सगळा वेळ मी नाक्यावर लोकलच्या लेनमध्ये उभी राहून कंपनीला परत देते. शेजारच्या फलकावर लिहिलंय, स्थानिकांच्या विकासासाठी. तो वाचायला मात्र भरपूर वेळ मिळतो.

उद्घाटनाला मांडव घातला होता. जमीन दिलेल्यांचा सत्कार झाला. नारळ, टॉवेल, टोपी. कंपनीच्या मोठ्या साहेबाने स्वतःच्या हाताने आण्णांना टोपी घातली आणि माइकवर सांगितलं, “गावाच्या गाडीला टोल नाही. हा माझा शब्द.” टाळ्या पडल्या. मी आण्णांच्या कानाशी लागले, “लेखी मागा.” आण्णा डाफरले, “मांडवात पावण्याकडं कागद मागत्यात व्हय? अक्कल हाय का तुला?”

रीतच तशी आमची. ज्याच्या हातून टोपी घालून घेतली, त्याच्याकडे लेखी मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं ठरवणं. अख्ख्या गावात कुणीही मागितलं नाही. कंपनीला ही रीत पक्की ठाऊक असणार. एका टोपीत गाव गप्प बसवलं.

मग तो शब्द झिजत गेला. आधी गावाचं नाव सांगितलं की दांडी वर जायची. मग आधार दाखवा. मग लोकलसाठी कडेची वेगळी लेन, नाक्यावरच्या साहेबांचा चहा होईपर्यंत थांबायचं. आण्णा तर दांडी वर झाली की बूथला हात जोडायचे. मी चिडायचे. ते म्हणायचे, “रोजचं काम हाय. गोड बोलून ऱ्हावं.” सत्काराची टोपी केव्हाच फाटली होती. पण घालणारी आणि आता काढायला लावणारी कंपनी एकच.

त्या दिवशी दांडी वर झाली आणि मी गाडी बंद केली. किल्ली मुठीत धरली.

“उघडलंय ताई, निघा,” मॅनेजर म्हणाला.

“आधी त्यांची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवा. तुमच्या हातांनी.”

तो हसला. “एवढा मान हवा असेल तर टोल भरा आणि फास्टॅगच्या लेनने जा. तिथे कुणी टोपी बघत नाही.”

एवढंच तो खरं बोलला. जो टोल भरतो तो वाहनचालक. ज्याने जमीन दिली तो लोकल.

हॉर्न सुरू झाले. मागच्या गाडीतल्या एकाने काच खाली केली. “अहो मॅडम, आपला तमाशा झाला असेल तर जाऊ का आम्ही? आम्ही टोल भरतो. फुकट जात नाही.”

मी खाली उतरले. त्याच्याकडे गेले. म्हटलं, “तुमची गाडी उभी आहे ना, तिच्याखाली आमची विहीर आहे. बुजवलेली.” त्याने काच वर केली.

आण्णा रडकुंडीला आले होते. “चल गं पोरी. तुझ्या पाया पडतो.” टोपी अजून हातातच होती. माझा बाप माझ्या पाया पडायला तयार होता, पण त्या पोरसवद्या मॅनेजरला नाही म्हणायला तयार नव्हता. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं आम्ही ज्याला गोड बोलणं म्हणत होतो ती नुसती भीती होती. आणि ती माझ्यातही होती. आधार मीही रोज दाखवतच होते. त्या क्षणी मला माझी किळस आली.

मी हलले नाही. पोलीस आले, क्रेन आली, टेम्पो उचलून नेला. रहदारी अडवल्याचा गुन्हा माझ्यावर. टोपी काढायला लावण्याचा गुन्हा कुठल्या कलमात बसत नाही म्हणे. मॅनेजर अजून तिथेच आहे.

आण्णा माझ्याशी बोलत नाहीत. टोपी खुंटीला टांगली आहे, घरात बोडके बसतात. गावातली माणसं येऊन समजावतात, “कशाला वाकड्यात शिरतेस? मिळतंय तेही जाईल.” जाऊ दे. जे टोपी काढून मिळतं ते आपलं नसतंच.

टेम्पो सुटून आला आहे. उद्या सकाळी मी त्याच लेनमध्ये जाणार. काच खाली करणार नाही. गावाचं नाव सांगणार नाही, आधार दाखवणार नाही. आता लेखी हवं, आणि ते गावातल्या प्रत्येक गाडीसाठी हवं. एकट्या मला सोडलं तर मी जाणार नाही. दांडी वर असली तरी गाडी बंद आणि किल्ली मुठीत.

क्रेन आणायची तर आणा. परवाही मी तिथेच असेन.