बानं डफडं हातात घेतलं

वकीलसाहेब माईकवर म्हणाले, "दोघींचे गुण सारखे आहेत. पण पहिलं बक्षीस आम्ही सुनंदाला देतो आहोत. तिनं तपश्चर्या केली आहे. या दुसऱ्या मुलीला तयारी करावीच लागत नाही. हे यांच्या रक्तातच असतं."

टाळ्या पडल्या.

दुसरी मुलगी म्हणजे मी. मॅट्रिकला होते. नागपूरच्या महाल भागातली मुलींची शाळा, गॅदरिंगचा शेवटचा दिवस, सकाळचे अकरा वाजलेले. मी तबल्यामागं बसले होते. उजव्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. कातडी फाटली होती म्हणून. वकीलसाहेब माझ्यापासून चार हातांवर उभे होते. ते गाण्यातले जाणकार, म्हणून त्यांना परीक्षक केलेलं. त्यांना ती चिंधी दिसत होती. मी सांगते, दिसत होती.

सुनंदा पेटी वाजवायची. वाईट मुलगी नव्हती. त्या सकाळी ती मध्येच चुकली, सम हरवली, बोटं नुसतीच पट्ट्यांवर फिरायला लागली. मी ठेका धरून ठेवला, तिला समेवर आणून सोडलं. साथीला मीच होते. मग स्वतंत्र तबलाही मीच वाजवला. एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच बांधलेली रचना वाजवली, कारण मला एकच येत होता.

एकच का, ते सांगते.

मुलींच्या शाळेत साथीला मुलगा चालत नव्हता. म्हणून शाळेतल्या गाण्याच्या गुरुजींनी मला तबल्यावर बसवलं. ठेके शिकवले. दोन वर्षांत एक कायदा दिला. धा धा तिट धा धा तू ना. पुढचं मागितलं की हसायचे. "तुला काय शिकवायचं? तुमच्या लोकांना उपजतच असतं." सुनंदाला मात्र दर रविवारी घरी बोलवून नवीन चीज द्यायचे.

मला आधी तो मान वाटला होता. आपल्यात काहीतरी आहे असं वाटायचं.

घरी तबला नव्हता. माय पहाटे चूल पेटवायची, तिच्या बाजूला मी पाट उलटा करून त्यावर बोल वाजवायची. तो एकच कायदा. शंभरदा, मग दुप्पट लयीत शंभरदा. चिंचोके एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकत मोजायची, नाहीतर मन चोरी करतं. पाट कडक. हिवाळ्यात बोटं फाटायची, माय खोबरेल लावून द्यायची. त्या कायद्याचे पलटे, म्हणजे तेच बोल फिरवून केलेले प्रकार, मीच बसवले. बसले नाहीत ते मोडून पुन्हा बसवले. वर्षभर.

याला तपश्चर्या म्हणत नाहीत. आमच्या बाबतीत याला रक्त म्हणतात.

तर टाळ्या थांबल्या. वकीलसाहेबांना अजून बोलायचं होतं. त्यांनी गुरुजींना काहीतरी विचारलं आणि मग माईकवर म्हणाले, "असं कळतं की हिचे वडीलही आले आहेत. गावाकडं डफडं वाजवायचे. या हो पुढं. रक्त कसं असतं ते मुलींना ऐकू द्या."

माझा बा शेवटच्या रांगेत उभा होता. खुर्च्या रिकाम्या असूनही उभा. मिलची पाळी सोडून आला होता, मायनं निळीत बुडवून दिलेला सदरा घालून.

बा काटोलकडच्या एका खेड्यातला. तिथं डफडं वाजवणं ही आमच्या घराची गावकी होती. पोळ्याला वाजवा, लग्नाला वाजवा, कोणाचं मरण झालं तरी वाजवा. उन्हात वाजवा, आणि पंगत उठल्यावर उरलेलं पदरात घ्या. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी बानं डफडं विहिरीत टाकलं आणि नागपूरला मिलमध्ये लागला. मी त्याच्यानंतर जन्मले. मी बाला कधी वाजवताना ऐकलं नव्हतं. पण गावाकडचे म्हातारे आले की सांगायचे, "तुह्या बापासारखा वाजवणारा पाच कोसात नव्हता वं."

शाळेत लेझीमच्या पथकासाठी एक डफडं होतं. शिपायानं ते आणलं, दोन काड्या आणल्या. बा हात जोडून म्हणाला, "साहेब, सोडलं ते आता. लय दिवस झाले."

शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "वाजवा ना हो. एवढे मोठे लोक सांगताहेत."

बानं माझ्याकडं पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हटलं.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. वकीलसाहेबांनी बोलावलं म्हणून बा मंचावर आला नाही. मी मान हलवली म्हणून आला. मला ऐकायचं होतं. पाच कोसात कोणी नव्हता ना? मग कळू दे यांना, असं मला वाटलं. त्यांनी रक्त म्हणून माझ्यासमोर जे टाकलं होतं, ते मीच उचलून बाच्या हातात दिलं.

बानं डफडं कमरेशी धरलं. कातडं ढिलं होतं. त्यानं बोटानं दाबून पाहिलं, ते शेकून ताणायला विस्तव मागावा म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. मग काडी मारली.

हात चालले नाहीत.

उजवा पुढं गेला, डावा मागं राहिला. बा थांबला. पुन्हा सुरू केलं. चार मात्रा नीट आल्या आणि पाचव्याला काडी लाकडावर आपटली. पुढच्या रांगेत मुली हसल्या. बानं तिसऱ्यांदा सुरू केलं. कपाळाचा घाम डोळ्यात उतरत होता आणि दोन्ही हात अडकलेले, पुसता येत नव्हता. मी पाहत होते. सतरा वर्षं मिलमध्ये सूत ओढलेले हात ते. डफड्याचे हात कधीच संपले होते.

वकीलसाहेबांनी दोन टाळ्या वाजवून त्याला थांबवलं. "असू दे, असू दे. सवय मोडली आहे त्यांची."

सवय.

सगळ्या सभागृहानं ऐकलं. पण त्या शब्दाचा अर्थ कोणाला लागला नाही. रक्त होतं तर सवय कशी मोडली? सतरा वर्षांत रक्त बदललं का माणसाचं? हे मी तिथं उभं राहून विचारायला हवं होतं. विचारलं नाही. मी उठले, वकीलसाहेबांच्याच हातातून दुसऱ्या नंबरचं बक्षीस घेतलं, आणि सवयीनं वाकून नमस्कारही केला.

बा सायकल हातात धरून चालला. मी बाजूनं. घर अर्ध्या तासाच्या वाटेवर. मग रस्त्याकडं पाहतच म्हणाला, "तू मान हालवली म्हून वाजवलं मी."

मी रडायला लागले.

"रडून काहून राहिली? ऐक. मी आठ वर्साचा होतो. माहा बाप मले वावराच्या धुऱ्यावरच्या दगडावर वाजवाले बसवे. ठोका चुकला का बोटावर काडी. जेवाच्या आधी काडी, जेवल्यावर काडी. हातानं घास उचलता ये नाई, माय भरवे. असं शिकलो मी. रक्तात असतं तं मार काहून खाल्ला असता?"

थोडं चालल्यावर म्हणाला, "मी ते इहिरीत टाकलं. मले वाटलं, सुटलो. त्यायनं ते तुह्या अंगात ठेवलंच."

त्यानंतर बा त्या दिवसाबद्दल कधीच बोलला नाही.

सोमवारी गुरुजींनी मला बोलावलं. रामटेकला कार्यक्रम होता, सुनंदाच्या पेटीला साथ करायची होती.

मी म्हटलं, "आधी मला पुढचे कायदे शिकवा. सुनंदाला शिकवता तसे."

"तुला गरज नाही त्याची."

"आहे. नाही शिकवलं तर मी वाजवणार नाही."

"माज आला का? तुझ्यासारख्या पन्नास मिळतील."

"मिळतील. पण त्यांनाही शिकवावंच लागेल."

शाळेचा तबला शाळेत राहिला. मी पुन्हा पाटावर आले. नोकरी लागेपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, पाटावरच वाजवलं. मंचावर वाजवायचं जे वय असतं ते माझं पाटावर गेलं. ते परत मिळत नाही. कोणी विचारलं तर मी तसंच सांगते.

आणि बा. मी वाजवायला बसले की तो पायात चपला अडकवून बाहेर जायचा. रागावून नाही. नळावर जायचा, पानठेल्यावर जायचा. आवाज थांबला की परत यायचा. पहिल्या पगारानंतर मी तबल्याची जोडी आणली, तेव्हा त्यानं चामड्याची वादी ओढून पाहिली, मधल्या काळ्या शाईवर हात फिरवला. "चांगला हाये," म्हणाला. मी बसले. तो उठला आणि चपला शोधायला लागला.

दुसऱ्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला. मिलमधल्या कापसानं फुप्फुसं भरली होती. त्या गॅदरिंगनंतर मी त्याला एक कायदासुद्धा ऐकवू शकले नाही. मान हलवली, चूक झाली, एवढंही म्हणू शकले नाही.

पुढचे कायदे मी पगारातून फी भरून शिकले. आता मी शिकवते. माझ्याकडं सगळ्या घरांतल्या मुली येतात. परवा एक आई मुलीला घेऊन आली. चांगली होती बोलायला. माझा हात ऐकून म्हणाली, "तुमच्यात हे उपजतच असतं ना?"

मी तबल्यावरून हात काढले. तिला समोर बसवलं आणि सांगितलं. माझ्या बापाला हे मारून शिकवलं होतं. त्यानं ते सोडलं, आणि त्याच्या हातातून ते गेलं. मी ते पाटावर कमावलं. एक दिवस चुकले तर माझ्याही हातातून जायला लागतं. तुमच्या मुलीला यायचं असेल तर तिला रोज बसावं लागेल. नाही बसली तर येणार नाही, कोणाच्याही पोटी जन्मली असली तरी.

बाई मुलीला घेऊन गेली. पुन्हा आली की नाही, हा प्रश्न नाही.

मी कौतुक घेते. मेहनतीचं घेते. रक्ताचं, देणगीचं, दैवी वगैरे म्हणून दिलेलं घेत नाही. पुन्हा कोणी माईकवर तसं म्हणालं तर मी तिथंच वाजवणं थांबवीन आणि भर सभेत, त्याच माईकवर विचारीन, रक्तात असतं तर सवय मोडते कशी? त्या दिवशी विचारलं नाही. आता कोणासाठीही मान हलवणार नाही.