चाक कुठल्या हाताला?

कवळीवाल्या बाई दिवसभर लोकांसाठी दात घडवायच्या आणि संध्याकाळी त्याच कानशीने बोटाएवढ्या वस्तू: इस्त्री, कंदील, झाकण नीट बसणारा डबा. नियम एकच. मूळ वस्तू हातात घेऊन, मापं घेऊनच करायची.

यंदा जिल्ह्याच्या छंद-मेळ्यासाठी त्यांनी बुटांच्या खोक्यात आईचं अख्खं स्वयंपाकघर उभं केलं. फक्त कॉफी दळायचं यंत्र, कडेला फिरवायचं चाक आणि खाली पूड पडायचा खण असलेलं, आठवणीवर केलं. मूळ यंत्र ताईकडे होतं, आणि ताई बोलत नव्हती. आईच्या वस्तूंची वाटणी करताना बाई बोलून गेल्या होत्या, "भंगाराचं दुकान काढतेस का?" तेव्हापासून अबोला.

आणि मेळ्यात शेजारच्याच टेबलावर ताई! जुन्या वस्तूंचा पसारा मांडून. मधोमध ते यंत्र, वर फडकं.

आता तरी बोलेल का?

दुपारी ताई खोक्यावर वाकली. बराच वेळ पाहिलं.

"यंत्राचं चाक चुकलंय."

पहिला शब्द, तोही असा!

"काही चुकलं नाही. खण पुढे, चाक डाव्या हाताला. डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"उजव्या."

"ताई, मी रोज बघायचे!"

"कुठून बघायचीस?"

"कुठून म्हणजे? आईच्या समोर बसून."

ताईने दोन स्टुलं ओढली. एकावर स्वतः बसली, समोर बाईंना बसवलं आणि हवेतच चाक फिरवायला लागली, अगदी आईसारखी, खांदा उडवत. "हं. माझा हात कुठला?"

बाईंनी बघितलं. आपल्या डावीकडे फिरणारा तो ताईचा उजवा हात होता.

"अगंबाई!" त्यांना हसू फुटलं. "खण आईच्या बाजूने बघून केला आणि चाक माझ्या बाजूने!"

"दात तरी सरळ बसवतेस ना लोकांचे?"

"तुझे बसवू का?"

ताई हसली नाही, पण ओठ दाबून धरले.

"ताई, मी तेव्हा भंगार म्हणाले ना..."

"म्हणालीस खरी." ताईने फडकं काढून यंत्र पुढे सरकवलं. "देणार नाहीये हं मी. इथेच बसून मापं घे. आणि तुझं ते चिमुकलं यंत्र झालं की आधी मला दाखवायला घेऊन ये. घरी."

"येते." बाईंनी यंत्र उचलून पट्टी लावली.

"बघ, पुन्हा उलटं धरलंस!"