बाबांचे कान आणि राणीच्या बागेतला सिंह

आमच्या घरात कोणी हळू बोललं की त्याला बरं नाही असं समजलं जायचं. आई लगेच कपाळाला हात लावून ताप बघायची. त्याला कारण होतं. भिवंडीत आमची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला अगदी पाठ लावून होती, आणि मधली भिंत नावापुरती. पलीकडे दोन्ही शिफ्टला लूम खडखडत असायचे, आणि इकडे आमच्या फळीवरचे डबे सरकत सरकत कडेला यायचे. "पाणी दे" एवढं सांगायलाही घसा ताणावा लागायचा. खुद्द कारखान्यात तर तोंडानं बोलण्यात अर्थच नव्हता. तिथं सगळे एकमेकांच्या ओठांकडे आणि हातांकडे बघून बोलायचे. लहान पोरं दारात गेली की आधी कानांवर हात ठेवायला शिकवलं जायचं, मग आत बघायला मिळायचं.

बाबा त्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करून चालता करून देणारे. त्यांची सगळी ऐट कानांवर होती. दारातून आत शिरता शिरता ते सांगायचे, "तो कोपऱ्यातला नीट चालत न्हाय." आणि खरंच त्याचा एखादा नट ढिला निघायचा. शेठ लोकांना सांगायचे की आमच्या जॉबरचे कान म्हणजे कान आहेत. बाबा हे ऐकून मान खाली घालायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे.

शुक्रवारी मात्र कारखाने बंद असायचे आणि सगळीकडे चिडीचूप व्हायचं. माझा साडेचार वर्षांचा भाऊ त्या शांततेनं पहाटेच दचकून उठायचा आणि भोकाड पसरायचा. तो रडायचा, आई त्याच्यावर ओरडायची, मी दोघांवर चिडायचे, आणि बाबा शेजारीच ढाराढूर झोपलेले असायचे. आईला शंका आली ती अशाच एका शुक्रवारी.

"अहो, तुम्हाला ऐकू येत न्हाय," आई म्हणाली.

"मला सगळं ऐकू येतं. तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस."

माझी आई, जी नाक्यावरच्या मिठवाल्याला खोलीतून हाक मारून थांबवायची, ती म्हणे तोंडातल्या तोंडात बोलत होती! झालं, वर्षभर हेच भांडण. आईचं म्हणणं, डॉक्टरला कान दाखवा. बाबांचं म्हणणं, कानांना काही झालेलं नाही. खरी गोष्ट मला माहीत होती. हल्ली ते लूमचा आवाज ऐकत नव्हते, त्याच्या लोखंडावर तळहात ठेवून बघत होते. जॉबरचे कान गेले असं एकदा बोललं गेलं की मग त्याच्यापाशी काय उरलं? ते डॉक्टरला नाही, ह्या बोलण्याला भीत होते.

शेवटी तोडगा काढला कारखान्याच्या शेठनी. त्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो. मे महिन्यात एकदा हे भांडण त्यांच्या देखत पेटलं, तेव्हा ते म्हणाले, "झगडा मत करो. सुट्टी चालू आहे, बच्चोंको रानीबाग घेऊन जा. शेर दहाडेगा तो दूर तक सुनाई देता है. भाईला ऐकू आला तर भाभी कायमची चूप. नाय आला तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर."

बाबांनी हात पुढे केला, आईनं त्यावर टाळी दिली, आणि पैज लागली. सिंहाला ह्यातलं काही माहीत नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी आम्ही निघालो. भाकऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि ताडगोळे असं सगळं आईनं कारखान्यातल्या कोऱ्या कापडात बांधलं होतं. दोन बस बदलून, उलटी एकदाच करून (भावानं, माझ्या नव्या फ्रॉकवर) आम्ही राणीच्या बागेत पोचलो. आत पाऊल ठेवलं आणि मला कसंतरीच झालं. इतकी झाडं आणि इतकी शांतता! लोक चक्क कुजबुजत होते. मला वाटलं, इथं सगळ्यांना ताप आलाय.

आमचं कुटुंब आलं आणि बागेचं वातावरण सुधारलं. "तो बघाऽऽ पाणघोडाऽऽ!" असं आई म्हणाली, तर पाणघोडा पाण्याखाली गेला तो आम्ही तिथून हलेपर्यंत वर आला नाही. भाऊ हरणांना नावं विचारत होता, तेही ओरडून. एक पहारेकरी आमच्या मागून चालायला लागला. त्यानं दोनदा ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी ते लांबूनच ओळखलं आणि उलट त्यालाच कारखान्यातली खूण करून सांगितलं, की हो, कळलं, काम चालू ठेव.

सिंहाच्या पिंजऱ्यापाशी आलो तर सिंह आडवा पडलेला. मे महिन्यातलं डोक्यावर आलेलं ऊन, त्यात त्याच्या अंगावर एवढे केस. मी असते तरी उठले नसते. पण पैज म्हणजे पैज. आईनं झाडाखाली चादर पसरली आणि जाहीर केलं की बाकीची जनावरं मग बघू. भावानं बराच वेळ सिंहाकडे निरखून पाहिलं आणि बाबांची बाही ओढली.

"बाबा, ह्याला चालू करा ना!"

"ह्याचा जॉबर वेगळा हाय," बाबा म्हणाले.

आम्ही जेवलो. सिंह झोपला होता. आम्ही ताडगोळे सोलले. सिंह झोपला होता. पलीकडे पोरं उंटावर बसून फिरत होती आणि मी मात्र एका झोपलेल्या शेपटीवर नजर ठेवून बसले होते. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग आला होता. काय करायचे आहेत ते कान, मला उंट हवा होता! बाबा मात्र पिंजऱ्यापुढच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते, परीक्षेच्या वर्गात बसलेल्या मुलासारखे. त्यांच्या मानेवर घाम होता. तो नुसता उन्हाचा नव्हता, हे मला आज कळतं.

आणि सिंह उठला. पुढचे पाय लांब ताणले, आमच्याकडे तोंड केलं आणि जबडा उघडला. केवढा तो जबडा! आता कानठळ्या बसणार म्हणून माझ्या भावानं शिकवल्याप्रमाणे दोन्ही कानांवर घट्ट हात दाबले.

बाबांनी सिंहाचा जबडा पाहिला. भावाचे हात पाहिले. आणि दोन्ही हात वर करून ते ओरडले, "ऐकलं! ऐकलं! काय डरकाळी फोडली! छातीत वाजली माझ्या!"

सिंहानं सावकाश तोंड मिटलं. त्यानं नुसती जांभई दिली होती.

आजूबाजूला आणखी पाचदहा माणसं होती. सगळी बाबांकडे बघत होती. गॉगल लावलेला एकजण त्यांच्या पाठीमागून हसत म्हणाला, "अहो मिस्टर, जांभई होती ती!" बाबांची पाठ तशीच ताठ राहिली. भावानं कानांवरचे हात काढले. "पण बाबा, तो कुठं—" एवढंच तो बोलला, कारण आईनं त्याच्या तोंडात अख्खा ताडगोळा कोंबला.

मग ती बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "ऐकलं हो, आम्हीपण ऐकलं," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. "जिंकलात तुम्ही."

मी तर संतापलेच. वर्षभर हिनं ह्याच एका गोष्टीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं आणि हातात आलेली पैज ही अशी सोडून देत होती! मी तिचा पदर ओढला. तिनं माझ्याकडे न बघता मला असा चिमटा काढला की माझी बोलती बंद झाली.

त्यानंतर बाबांचा हर्ष पोटात मावेना. आम्हाला दोघांनाही उंटावर बसवलं. माकडांना, पोपटांना, त्या पहारेकऱ्यालासुद्धा ते सांगत सुटले की सिंह काय ओरडला. आई मान डोलवत होती. मी उंटावरून तिच्याकडे डोळे वटारून बघत होते.

परतीच्या एसटीत मी आई-बाबांच्या मध्ये बसले होते. भाऊ बाबांच्या मांडीवर होता. भिवंडीच्या अलीकडचं कोन गाव मागे गेलं तेव्हा त्याला झोप आली आणि त्यानं बाबांच्या तोंडासमोरच एक लांबलचक जांभई दिली. जबडा वासला, मिटला. बाबा त्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिले. बराच वेळ बघत राहिले.

"ती जांभई होती ना गं?" त्यांनी विचारलं. त्यांच्या मते हळूच विचारलं असावं. पुढच्या बाकावरची माणसं वळली.

आईनं होकारार्थी मान हलवली.

"मग तू हो कशाला म्हणालीस?"

आई खिडकीबाहेर बघत काहीतरी पुटपुटली. जन्मात पहिल्यांदा मी तिला इतकं हळू बोलताना ऐकत होते. तिचे ओठ बाबांना दिसत नव्हते. त्यांनी मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणाली?"

मी त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि घरात ओरडायचे तशी ओरडले, "ती म्हणतेय, चारचौघांत तुम्हाला हरलेलं बघवलं नसतं तिला!"

सगळी एसटी हसली. कंडक्टरसुद्धा तिकीट फाडता फाडता थांबला. आईनं पदर तोंडावर ओढून घेतला. बाबांचे ते निकामी कान लालबुंद झाले, आणि डोळे पुसत ते म्हणाले, "उद्या जाऊ डॉक्टरकडे."

डॉक्टर म्हणाले, एक कान गेला आहे आणि दुसरा जाणार आहे. बाबा पुढं कितीतरी वर्षं हाताच्या तळव्यानं लूम दुरुस्त करत राहिले, आणि चाचांनी त्यांना कधी काही विचारलं नाही. आई लाजून किंवा रडून हळू बोलायची, तेव्हा बाबा माझ्याकडे बघायचे. आई-बाबांमधलं जे काही कुजबुजण्यासारखं होतं, ते सगळं आयुष्यभर मी ओरडून पोचवलं.