सूतभर भेग

मला या घरात येऊन सहा महिने झाले होते तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते आणि फळ्यांच्या भिंतीपलीकडे बहीणभावाची जुंपली होती. भाऊ म्हणजे आमचे हे, सुतार. बहीण म्हणजे माझी धाकटी नणंद, तेव्हा चौदा वर्षांची. ह्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी औषधांचं कपाट केलं होतं, पॉलिश वाळत होतं, आणि ही समोर उभी राहून म्हणत होती की डावं दार सूतभर खाली आलंय. हे म्हणाले, तुला काय कळतं, तू आपली बटणं लाव. ती म्हणाली, "मोज ना दादा. मोजायला काय जातंय तुझं?"

ह्यांनी मोजलं नाही. एवढ्याशा पोरीने सुताराला मोजायला सांगायचं म्हणजे नाकाला मिरच्या झोंबणारच. कपाट गेलं आणि आठ दिवसांनी हातगाडीवर बसून परत आलं. दार चौकटीला घासत होतं. सूतभर खाली होतं. दोन महिने हे तिच्याशी बोलले नाहीत. ती मात्र रोज ह्यांचं ताट वाढून "जेव" म्हणायची, ते ह्यांना आणखी झोंबायचं.

सूत म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सुतार इंचाचे आठ भाग करतात, त्यातला एक भाग म्हणजे सूत. बाकीच्या जगात सूत म्हणजे दोरा. आमच्या घरात मात्र दुधावरची सायसुद्धा सुतात मोजतात.

नणंदेला सगळी गल्ली नेमाताई म्हणायची. हे काही पाळण्यातलं नाव नव्हे. तिचा नेम कधी चुकायचा नाही. खिडकीबाहेर बघत सुईत दोरा ओवायची. आणि दुसरा नेम म्हणजे रोजचा. सहाला उठणार, सव्वासहाला चहा, सातला गणवेशांच्या कारखान्यात. तिथे एकतीस वर्षं तिने शर्टांच्या कॉलरी शिवल्या. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायची, बघायला आले होते, पण त्यांच्या मिशा एका रेषेत नव्हत्या. खरं काय ते मलाही कधी सांगितलं नाही.

आमची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीची माती खाली येऊ नये म्हणून मागे उंच दगडी भिंत, भिंतीच्या पायाशी गटार, आणि गटाराला पाठ लावून अकरा घरं. त्यात शेवटचं आमचं. नेमाताई कारखान्यातून सुटली त्याच वर्षी भिंतीला भेग पडली. नगरपालिकेच्या ऑफिसातून एक इंजिनिअर मुलगी आली. तिने परांची बांधून दोन पुरुष उंचीवर भेगेच्या दोन्ही बाजूंना काचेसारख्या दोन पट्ट्या बसवल्या, एकीवर एक. एकीवर बारीक रेघांची जाळी, दुसरीवर लाल फुली. भिंत हलली की फुली जाळीवर सरकणार. एक रेघ म्हणजे एक मिलिमीटर. ती म्हणाली, कोणीतरी दर सोमवारी याचा फोटो पाठवायला हवा. बाकीचे एकमेकांची तोंडं बघेपर्यंत नेमाताई पदर खोचून पुढे झाली होती.

पण एवढ्या उंचीवरच्या रेघा साध्या फोनात कुठल्या दिसायला? गटारामुळे शिडी लागत नव्हती. तेव्हा आमच्या थोरल्या मुलाने परदेशातून आपला एक फोन पाठवला. भारी विचित्र फोन. त्याच्या पाठीवर पितळी टिकल्यांची रांग होती, आणि त्यावर वेगवेगळ्या पाठी बसवता यायच्या. एक पाठ गाणी मोठ्याने वाजवायची, एक बॅटरीची, आणि एक कॅमेऱ्याची. तिला तो ग्रिप म्हणायचा. ती जवळ नेली की चुंबकाने खट्टकन चिकटायची. मग उजव्या हाताला जाडजूड मूठ यायची, वर खरोखरचं बटण, आणि त्याभोवती फिरवायची कडी. कडी फिरवली की आतली भिंगं पुढे सरकून भिंत जवळ यायची. नेमाताईला ते बटण फार आवडलं. म्हणायची, नुसत्या काचेला बोट लावलं तर फोटो निघाला का गुदगुल्या झाल्या काही कळत नाही. बटण दाबलं की काम झाल्यासारखं वाटतं. एक खोड मात्र होती. ती पाठ लावली की फोनचा स्वतःचा डोळा तिच्याखाली झाकला जायचा. पाठ नीट लागली नाही तर फोन आंधळा.

पहिल्याच वर्षी तिची फजिती झाली. एका सोमवारी फोटोत फुली दोन रेघा सरकलेली दिसली. ऑफिसची गाडी आली, सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये नेलं, दोन दिवस सतरंज्यांवर काढले. मग इंजिनिअर मुलीने शोधून काढलं की भिंत जागच्या जागी आहे, नेमाताईच दोन पावलं डावीकडे उभी राहिली होती. पट्ट्या एकीवर एक असल्यामुळे तिरकं बघितलं की फुली सरकल्यासारखी दिसते. झालं. बेकरीवाल्याचं घर तिसरं, भट्टी मागच्या खोलीत. त्याचं दोन दिवसांचं भिजवलेलं पीठ फुकट गेलं होतं. तेव्हापासून ती दिसली की तो विचारायचा, "काय भिंतवाल्या बाई, आज कुठे हलायचंय?" नेमाताईने तेलरंगाचा डबा आणला आणि गटाराच्या लादीवर पांढरी दोन पावलं काढली. उभं राहायचं ते तिथेच.

त्यानंतर दोन वर्षं फुली हलली नाही.

मग तो मंगळवार. चार दिवस पाऊस थांबलेला नव्हता. सोमवारचा फोटो पाठवून झाला होता, फुली जागेवर होती. तरी मंगळवारी सकाळी ती मागे गेली, कारण गटाराचं पाणी गढूळ झालं होतं. भेगेचं शेपूट आमच्या घराच्या टोकाशी खांद्याच्या उंचीवर येतं. तिथे कालपर्यंत तिची सुई शिरत होती. आज करंगळीचं नख गेलं.

आत आली आणि पिशवीतून ग्रिप काढली. खट्ट झालं, पण पडदा काळाच. काढून पुन्हा लावली. काळा. चार दिवसांच्या दमटपणाने टिकल्या मळल्या होत्या. तिने फोटोचा नाद सोडला आणि इंजिनिअर मुलीला फोन लावला. मी शेजारीच होते.

"मॅडम, भेग सूतभर वाढलीय."

पलीकडून आवाज आला, "सूतभरच ना मावशी? मग घाबरू नका, पावसात एवढं होतं. फोटो टाकून ठेवा, मी उद्या येते."

फोन ठेवून ती पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, वहिनी, ती ठीक म्हणतेय. मग ठीकच असेल नाही? शिकलेली आहे. मी म्हटलं, असेल. पण तिचं नख काही तिचं ऐकत नव्हतं, सारखं अंगठ्याने करंगळी चाचपत होती.

हे पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते. कानाने कमी ऐकतात, पण स्वतःचा शब्द बरोबर ऐकू येतो. म्हणाले, "काय म्हणालीस तिला? सूत?"

"हो."

"अगं वेडे, तिच्या घरात सूत म्हणजे दोरा. ती काय सुताराची आहे?"

नेमाताईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी तेवढा एकदाच बघितला. आपण तीन मिलिमीटरच्या वर सांगितलं आणि तिने केसाएवढं ऐकलं. तिने लगेच पुन्हा फोन लावला. लागेना. पाच वेळा लावला. ऑफिसात लावला तर कोणीतरी सांगितलं, मॅडम साइटवर आहेत, तिथे रेंज नाही, मेसेज टाका, आणि बाई, फोटोशिवाय आम्हाला गाडी काढता येत नाही, मागच्या वेळचं आठवतंय ना.

आठवत होतं. सगळ्यांनाच आठवत होतं. पहिल्या घरापासून सांगत सुटावं तर दहापैकी एकही दार उघडलं नसतं.

तेव्हा फोटो हवा, आणि तो हवा पट्टीचा. खालच्या शेपटावर गिलावा आहे, तो कशानेही फुटतो, ते ऑफिस धरत नाही.

ह्यांनी पेटीतून पेन्सिलीचं रबर काढून दिलं. तिने टिकल्या घासल्या, आधी फोनच्या, मग ग्रिपच्या. फुंकर घालायला लागली तर हे ओरडले, तोंडाची वाफ नको. मी कोरड्या फडक्याने पुसलं. खट्ट. काळा. पुन्हा रबर. चष्मा कपाळावर चढवून तिने एकेक टिकली बघितली, शेवटच्या दोनमध्ये कापसाचा तंतू अडकला होता, तो सुईच्या टोकाने उचलला. खट्ट. पडद्यावर माझ्या लुगड्याची निरी आली. देवाचं नाव घ्यायलाही आम्हाला सुचलं नाही.

मागे गेलो तर पांढरी पावलं पाण्याखाली. घोट्यापर्यंत पाणी, त्याला ओढ. पण तिथे नाही उभं राहिलं तर फोटो पुन्हा तिरका, आणि तिरक्या फोटोवर कोण विश्वास ठेवणार? ती चपला काढून पायानेच लादी चाचपत गेली, रंगाचा उंचवटा तळव्याला लागला तशी थांबली. ह्यांनी पंचाहत्तरीत पाण्यात उतरून बहिणीच्या कमरेला धरलं. मी छत्री धरली, तिच्या डोक्यावर नाही, फोनवर. भिंतीतून खडे सुटत होते. टप, टप. मी ते मोजायचे नाहीत असं ठरवलं.

तिने मूठ धरली, कडी फिरवली. पट्टी जवळ आली आणि थरथरायला लागली. हे म्हणाले, श्वास सोड आणि मग दाब. ती म्हणाली, कॉलरी मी शिवल्यात, तू नाही. पण श्वास सोडला. बटण दाबलं. तीनदा.

तिने तिथेच पाण्यात उभं राहून रेघा मोजल्या. फुली चार रेघा सरकली होती. सकाळी नख गेलं तेव्हा सूतभर, आता त्याच्याही वर.

फोटो पाठवला. खाली लिहिलं, चार मिलिमीटर, पाय जागेवर. मग आम्ही घरात पाणी गळत बसलो आणि पडद्याकडे बघत राहिलो. माझ्या हातातली छत्री उघडीच होती, हे मला नंतर कळलं. सात मिनिटांनी फोन वाजला. इंजिनिअर मुलगी रेंजमध्ये आली होती.

"मावशी, घरं रिकामी करा. आत्ता. मी निघालेय." मग म्हणाली, "तुम्ही तर सूतभर म्हणाला होतात."

"सूतभरच होती. सुताराच्या घरचं सूत."

उरलेली दहा घरं तिने दारोदार केली. ओले पाय, हातात फोन. शिवीगाळ न करता बाहेर पडले ते फक्त चौथ्या घरातले, कारण तिथे बाळंतीण होती आणि तिची आई शहाणी होती. बेकरीवाला भट्टीपाशी उभा राहून म्हणाला, आज पाव लागलेत, एक तासाने बघू. नेमाताईने वाद घातला नाही. कालचा फोटो दाखवला, मग आजचा. परत कालचा, परत आजचा. म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मोजा." त्याने पिठाचं बोट काचेवर ठेवून रेघा मोजल्या. एक, दोन, तीन, चार. मग भट्टी बंद केली आणि आपल्या म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेतलं.

सव्वातीनला भिंतीचा मधला भाग खाली आला. तिसरं, चौथं आणि पाचवं घर मागच्या अंगाने गेलं. बेकरीच्या भट्टीवर दगड येऊन बसला, तो हलवायला नंतर यंत्र आणावं लागलं. शेपटाकडचे दगड सुटून आमची मोरी गेली. माणूस एकही नाही. आम्ही शाळेच्या हॉलमध्ये त्याच सतरंज्यांवर बसून आवाज ऐकला. नेमाताई ओला पदर पिळत होती. बेकरीवाला आपल्या म्हातारीशेजारून उठला आणि हिच्या पाठीला लावायला उशी आणून दिली.

नवी भिंत सिमेंटची झाली, तिला नवी पट्टी लागली. इंजिनिअर मुलगी आपल्या वहीत कुठेतरी सूत म्हणजे किती ते लिहून गेली, आणि नेमाताईने आयुष्यात पहिल्यांदा मिलिमीटर म्हणायला सुरुवात केली. तो शब्द ती कडू गोळी गिळल्यासारखा म्हणायची. हे हसायचे.

तीन वर्षं गेली. नेमाताई गेली ती एका गुरुवारी, झोपेत, कोणाला त्रास न देता. त्या आठवड्यातल्या सोमवारचं सांगते आणि थांबते.

सव्वासहाला चहा घेतला. अंगात कणकण होती म्हणून मी म्हटलं, आज राहू दे, उद्या काढ. म्हणाली, उद्या मंगळवार. नऊ वाजता पिशवीतून ग्रिप काढली, टिकल्या फडक्याने पुसल्या, फोनला लावली, पडद्यावर माझा चेहरा बघून म्हणाली, वहिनी, हसा तरी. मागे जाऊन तीन फोटो काढले, दोन पुसून टाकले. एक पाठवला आणि खाली लिहिलं, शून्य मिलिमीटर, पाय जागेवर. पोचल्याची खूण येईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग घरात येऊन ग्रिप काढली, पिशवीत ठेवली, पिशवीची नाडी बांधली आणि फोन चार्जिंगला लावला.