बघतो म्हणणाऱ्याचं अंडं

आमच्या घरी केक अंड्यांवर मोजला जायचा. ईस्टरच्या आदल्या दिवशी आई तराजू काढायची, एका पारड्यात अंडी ठेवायची आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा मैदा. मैदा बाजूला काढला की तेवढीच साखर, मग तेवढंच लोणी. वजनमापं लागायचीच नाहीत. अंडी मात्र मोजून घ्यायची, खाणाऱ्या माणसाला एक. बाबा, मी, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि त्यांची दोन पोरं, अशी सहा.

आईचं अंडं त्यात कधीच नसायचं. ती झरीच्या माळकरी घरातली. ख्रिस्ती माणसाशी लग्न करून परभणीला आली तरी गळ्यातली माळ तिनं काढली नाही, आणि बाबांनीही कधी काढ म्हटलं नाही. केक ती सासूकडून शिकली. अंडी फोडताना माळ पदराआड सारायची आणि नंतर दोनदा साबणानं हात धुवायची. इतकी वर्षं तिनं केक केला, पण जिभेवर कधी कण ठेवला नाही. झाला की नाही ते वासावरून सांगायची, आणि चुकायची नाही.

तिचा एक नियम होता, त्यावरून माझं तिच्याशी दरवर्षी वाजायचं. येतो म्हणणाऱ्याचं अंडं ठेवायचं, येत नाही म्हणणाऱ्याचं नाही, हे ठीक. पण माझा भाऊ पुण्याला नोकरीला लागल्यापासून कधीच सरळ उत्तर द्यायचा नाही. फोन केला की म्हणायचा, "बघतो." त्याचं काय करायचं?

"ठिवायचं," आई म्हणायची. "यायचंच नसतं तर न्हाई म्हणला असता."

"आणि नाही आला तर?"

"तर तू खा. वाळलीस लय."

तो दर वेळी यायचा, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

केकचा डबा पत्र्याचा, बाजारातून सांगून करून घेतलेला, बरोबर सहा अंड्यांचा. मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यात तो डबा बसवायचा, वरून झाकण. ही वाळू मी आणि भावानं लहानपणी येलदरीहून आणलेली. धरण बघायला गेलो होतो, तेव्हा आईनं पिशवी देऊन आम्हाला पूर्णेच्या काठी पिटाळलं होतं. तीच वाळू पुन्हापुन्हा तापून काळी पडली होती. भाजलेला केक डब्याच्या काठाच्या वर फुगून यायचा आणि रविवारी दुपारी चार वाजता, चहाच्या वेळी, बाबा सुरी धरायचे. डब्याच्या वर किती आला यावरून भाऊ दारातूनच ओरडायचा, "आमचं घातलं वाटतं!"

आई दिवाळीनंतर गेली. सकाळी भाजी निवडता निवडता कलंडली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. भाऊ पुण्याहून निघाला तो रस्त्यातूनच फोनाफोनी करत. आमच्या कब्रस्तानात जागा बघायला सांगून, खड्डा खोदायची व्यवस्था करूनच तो रात्री घरी पोचला. इथं बाबा तिच्या उशाशी बसले होते आणि झरीहून मामा आले होते. बाबांनी त्याला सांगितलं, की तिला अग्नी द्यायचा आहे. तिनंच तसं सांगून ठेवलं होतं, मला मातीत ठेवू नका, माझ्या मायबापाचं केलं तसं करा. हे तिनं बाबांना सांगितलं होतं आणि मला सांगितलं होतं. भावाला सांगितलं नव्हतं.

"मला कामून न्हाई सांगितलं?" तो एवढंच विचारत राहिला. मी म्हणाले, तू इथं असतोस कुठं सांगायला. असं बोलायला नको होतं. पण माझी जीभ मला विचारून चालत नाही.

तो स्मशानात आला, शेवटपर्यंत उभा राहिला, आणि निघताना बाबांना म्हणाला, "ईस्टरला सगळी आपापल्या माणसाच्या कबरीवर जातेत. मी कुटं जाऊ?"

तो तिथूनच पुण्याला गेला. अस्थी येलदरीला पाण्यात सोडायला बाबा आणि मी दोघंच गेलो. त्यानंतर पाच महिने त्यानं बाबांना फोन केला नाही. बाबा रोज संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लावायचे आणि त्याच्याजवळच खुर्ची ओढून बसायचे. ते एका शब्दानंही काही म्हणायचे नाहीत आणि मला त्यांचं ते तसं बसणं बघवायचं नाही. मी लग्न केलेलं नाही, बाबांजवळच राहते. त्यामुळे भावावरचा सगळा राग साठवायला मला सवड भरपूर होती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी मीच त्याला फोन केला. येणार का, विचारलं. मागे पोरांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "बघतो, अक्का."

माझं डोकंच सणकलं. पाच महिन्यांनी माणूस बोलतो आणि म्हणतो काय, तर बघतो.

स्वयंपाकघरात आले तर बाबांनी तराजू काढून ठेवला होता. एका पारड्यात सहा अंडी मांडून ते माझी वाट बघत उभे होते.

"काय म्हणला?"

"काय म्हणणार. बघतो."

बाबांचा चेहरा खुलला. "मंग बराबर हाय. सहाच ठिवली मी."

मी पुढं झाले आणि पारड्यातली चार अंडी उचलली. म्हणाले, तो येत नाही बाबा, तुम्ही उगाच आशेवर राहू नका, सहा अंड्यांचा केक दोघांनी कधी संपवायचा? आणि ती चार अंडी फ्रीजच्या दारात नेऊन ठेवली. बाबा पारड्यात उरलेल्या दोन अंड्यांकडे बघत राहिले, मग बाहेर जाऊन बसले. खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं होतं. त्याला कुठंतरी वजा करायला मिळालं, याचं बरं वाटलं.

दोन अंड्यांचं ते मिश्रण मी त्याच मोठ्या डब्यात ओतलं. लहान स्टीलचा डबा घरात होता. पण केक त्या डब्यात व्हायचा, दुसरा डबा डोक्यात आलाच नाही. मिश्रण तळाशी पसरलं. निघाला तेव्हा दोन बोटांचासुद्धा नव्हता, कडा करपलेल्या, मधे भेग. जाड भाकरीसारखा दिसत होता. वास मात्र आईच्याच केकचा होता. मी ताटात काढून वर जाळी झाकली.

रविवारी सकाळी प्रार्थना झाल्यावर मंडळी फुलं आणि मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानाकडे वळली. बाबा आणि मी घरी आलो. परभणीचं ऊन दहालाच सोसेनासं झालं होतं. दार लावून, पंखा लावून आम्ही दोघं चार वाजायची वाट बघत बसलो.

पावणेचारला दाराशी रिक्षा थांबली. बाबा माझ्याआधी उठले. भाऊ, भावजय, दोन्ही पोरं. उन्हानं लाल झालेली. भावाच्या पँटीचे पाय गुडघ्यापर्यंत वाळलेल्या चिखलानं माखलेले. दोन मोठ्या बॅगा रिक्षावाल्यानं ओट्यावर ठेवल्या.

"पहाटे उतरलो," तो बाबांना म्हणाला. मान खाली होती. "जीप केली आन् येलदरीला जाऊन आलोत. पोरांनी फुलं सोडली पाण्यात." मग म्हणाला, "जागा चांगली हाय, बाबा."

बाबांनी त्याचा दंड धरला आणि धरूनच ठेवला. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं हे एकदाचं.

तेवढ्यात धाकट्या पोरीनं टेबलावरची जाळी उचलली.

"आत्या, केक असा कामून?"

भावानं वळून पाहिलं. त्याला कुणी काही सांगायची गरज नव्हती. लहानपणापासून तो केकची उंची बघून माणसं मोजत आला होता. मी तोंड उघडलं, पण एकदा तरी माझ्या जिभेनं मला साथ द्यायची, तर ती टाळूला चिकटली.

बाबाच बोलले. आयुष्यभर शाळेत पोरांना खरं बोला म्हणून शिकवलेला माणूस घाईघाईनं म्हणाला, "यंदा अंडीच मिळाली न्हाईत रे. दोनच होती घरात."

"असू द्या, बाबा," भाऊ म्हणाला. तो हसलासुद्धा. मला खात्री आहे, त्यानं ते खरं मानलं होतं, किंवा मानायचं ठरवलं होतं. "पोरांना पाणी देतो," म्हणत तो आत गेला. मी त्याच्या मागे धावले, पण तोवर त्यानं फ्रीज उघडला होता. दारात चार अंडी होती. त्याच्या घरातली माणसंही चारच. तो ती बघत उभा राहिला. मग खालची बाटली काढली आणि दार हलकेच लावलं, आवाजही होऊ दिला नाही.

"मी बघतो म्हणलो होतो, अक्का," तो म्हणाला.

माफ कर, म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "बस, चहा टाकते."

चहा झाला. पोरांनी केकचा एकेक तुकडा खाल्ला, त्यानं नुसता चहा घेतला. कप ठेवून म्हणाला, "निघतो आमी. पाचची गाडी हाय." भावजयीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. ओट्यावरच्या त्या बॅगा चार दिवसांच्या मुक्कामाच्या होत्या, हे आंधळ्यालाही कळलं असतं. बाबा रिक्षापर्यंत गेले, परत आले आणि उरलेल्या केकवर जाळी झाकून ठेवली. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

याला तीन वर्षं झाली. आता भाऊ बाबांना फोन करतो, पोरांच्या परीक्षेचं सांगतो, गोळ्या घेता का म्हणून विचारतो. माझ्याशीही नीट बोलतो. भांडण असं काही राहिलेलं नाही. मी दर ईस्टरला त्याला विचारते, आणि तो जे सांगेल ते सांगो, पारड्यात सहा अंडी ठेवते. केक डब्याच्या वर फुगून येतो. बाबा आणि मी तो आठवडाभर चहात बुडवून खातो, शेवटी शेवटी कडक होतो तेव्हा बाबांना चाववत नाही.

यंदाही शनिवारी मी फोन केला. तो लगेच बोलला, आवाजात राग नव्हता की काही नव्हतं. "न्हाई जमणार, अक्का," म्हणाला. बाबा तराजूजवळ उभे होते. त्यांनी विचारलं, काय म्हणला?

मी म्हणाले, "बघतो म्हणाला."