टोरलाइफचा नवा रेडिओ

टोरलाइफ आयुष्यभर आमच्या बेटाच्या फेरीबोटीवर होता. वेळ झाली की दोर सोडायचा आणि फाटक लावायचं, मग धक्क्यावर कोणी धावत का येत असेना. एकदा त्याची सख्खी बहीण गुनवोर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत आली, तर या बाबानं तिच्या डोळ्यांदेखत फाटक लावलं. संध्याकाळी तिनं विचारलं, "मला बघितलं होतंस ना?" हा म्हणाला, "बघितलं की. तुला उशीर झाला होता." तरीही ती त्याच्याशी बोलायची, याचं मला दुकानाच्या गल्ल्यावर बसून कायम नवल वाटत आलंय.

दोघांची घरं समोरासमोर, मध्ये एक अंगण. गुनवोरचा नवरा समुद्रात बुडून गेला, आणि टोरलाइफला कोणी नवरा करूनच घेतलं नाही. एरवी एकमेकांच्या खिडकीतल्या दिव्याकडे बघून समोरचं माणूस जिवंत आहे एवढं समजून घ्यायचं, असा त्यांचा संसार. बुधवारी मात्र बेटावरच्या रेडिओचा बिंगो असे. त्याचे कागद माझ्याच दुकानात मिळतात. रेडिओवरची बाई आकडे पुकारते, आपण कागदावर खुणा करायच्या, आणि ओळ भरली की सगळ्यांच्या आधी फोन लावायचा. बक्षीस म्हणजे कॉफीची पाकिटं, फार तर मेंढीची मांडी. पण त्या निमित्तानं गुनवोर ताज्या वाफल्स आणि तपकिरी चीज घेऊन भावाच्या स्वयंपाकघरात यायची, आणि ती दोघं एका टेबलाशी बसायची. आठवड्यातून तेवढंच.

मग सरकारनं जुना रेडिओ मोडीत काढून डिजिटल आणायचं ठरवलं, आणि मुहूर्त आमच्याच भागापासून केला. मोठी केंद्रं नव्यावर गेली. आमचं बेटावरचं चिमुकलं केंद्र मात्र जुन्यावरही चालू राहिलं आणि नव्यावरही. टोरलाइफनं पहिल्याच आठवड्यात नवा रेडिओ आणला. खिडकीत ठेवला, अँटेना पूर्ण ताणली, बटण दाबलं आणि हाताची घडी घालून उभा राहिला. रेडिओनं स्वतःच केंद्रं शोधली, त्यांची नावं दाखवली, घड्याळही लावून घेतलं. बायको नसलेल्या माणसाला न सांगता एवढी कामं झालेली बघून काय वाटलं असेल, याची कल्पना करा.

त्या बुधवारी गुनवोर आली तेव्हा तो म्हणाला, "तुझा तो खरखरणारा खोका आता फेकून दे."

तो खोका तिच्या नवऱ्याचा होता. गुनवोरनं वाफल्सची ताटली उचलली आणि ती घरी गेली. पुढच्या बुधवारपासून दोघं आपापल्या घरी बिंगो खेळू लागली.

तेव्हापासून टोरलाइफ हरायला लागला. त्याची ओळ भरे, तो फोन लावी, आणि केंद्राचा फोन एंगेजच असे. त्यानं अँटेनाला तांब्याची तार जोडली, ती अंगणातल्या झेंड्याच्या काठीवर चढवली. आवाज असा स्वच्छ झाला की आकडे पुकारणारी बाई चहाचा घोट घेते तेही ऐकू यावं. फोन तरीही एंगेजच. शेवटी त्यानं केंद्राकडे तक्रार केली. तिथल्या माणसानं समजावलं, डिजिटल आवाज आधी गाठोड्यासारखा बांधावा लागतो, तुमच्या घरी पुन्हा सोडावा लागतो, तेवढ्यात काही क्षण जातात, त्याला इलाज नाही.

"मला उशीर होतो म्हणे," टोरलाइफ दुकानात येऊन म्हणाला. "मला!"

"जुना घे ना मग."

"नव्यात काही खोट नाहीये. जुनाच घाई करतो."

पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

शरद सरत आला तेव्हा नवीनच प्रकार सुरू झाला. बुधवारी बिंगो लागला की गुनवोर आपली खिडकी सताड उघडून आकडे मोठ्यानं ओरडू लागली. याच्या रेडिओवर आकडा येण्याआधी अंगणातून बहिणीचा आवाज येई. टोरलाइफनं आपली खिडकी लावून घेतली. तिनं आवाज चढवला.

"हिणवते मला," तो भर दुकानात म्हणाला. "आणि जुना खोका घाई करून करून किती करणार? तिला आकडे आधीच कोणीतरी कळवत असणार. लबाडी आहे ही."

बटाटे निवडणाऱ्या दोन बायका थांबल्या. गुनवोरबद्दल असं बोललेलं मला अजिबात आवडलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "मग चल साक्षीला," तो म्हणाला. बुधवारच होता. दुकान बंद करून मी त्याच्याबरोबर निघाले.

गुनवोरच्या दाराला कधी कडी नसते. आत चूल पेटलेली, तरी बाहेरच्याइतकीच थंडी. जाड कोट आणि लोकरीची टोपी घालून ती उघड्या खिडकीत उभी होती, शेजारी नवऱ्याचा रेडिओ खरखरत होता.

"बेचाळीस!" ती समोरच्या बंद खिडकीकडे बघून ओरडली. घसा पार बसला होता.

टेबलावर तिचा बिंगोचा कागद पडला होता. खेळ निम्म्यावर आला होता आणि त्यावर एकही खूण नव्हती. टोरलाइफ तो कागद हातात घेऊन बघत राहिला.

"तू खेळत नाहीस?"

गुनवोर दचकून वळली. "ओरडू की खुणा करू? मला दोन्ही जमत नाही."

"मग ओरडतेस कोणासाठी?"

"समोर एक म्हातारा राहतो. त्याला उशिरा ऐकू येतं."

टोरलाइफनं जाऊन खिडकी लावली, खुर्ची ओढली, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि तिच्या कागदावर बेचाळीसवर खूण केली.

"आधीचे आकडे काय होते?"

"सगळे सांगितले होते मी," गुनवोर म्हणाली.